बिननखी

शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नसतं. आमच्याकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि शिंगणापूरच्या रस्त्याला दुकान टाकून बसलेल्या माणसाला तर जरा जास्तच. शनिवारी रस्ता गाड्यांनी भरून वाहतो. तेलवाल्याचं तेल खपतं, नारळ खपतात, माळा खपतात, उसाचा रस खपतो, आणि आमच्या चाकूंकडं लोक नुसते बघतात. हातात घेतात, उघडतात, मिटतात, मग एकदम वार आठवतो आणि चटका बसल्यासारखा चाकू खाली ठेवतात. वडील होते तोवर आमचं दुकान शनिवारी बंदच असायचं. कानशी झटकायच्या, भात्याला तेल द्यायचं आणि दुपारी ताणून द्यायची, हा आमचा शनिवार. धाकटा नाहीसा झाल्यावर मात्र आईनं फर्मान काढलं, की दुकान शनिवारी उघडायचंच. मी म्हटलं, अगं बाई, घेणार कोण? ती म्हणाली, विकायला कुठं उघडायचंय.

तिचं म्हणणं कळायचं तर आधी चाकूंच्या नावांचं सांगावं लागेल. लांबण आहे, पण इलाज नाही.

आम्ही खिशातले चाकू करतो. पातं मुठीत मिटतं ते. मोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं पोलाद, बाभळीची नाहीतर शिंगाची मूठ, आत पातं धरून ठेवणारी कमान, पितळी रिबिटा. सोनईत आमचं घर आणि घरामागं भट्टी, आणि रस्त्याला हे पत्र्याचं दुकान. चाकूच्या आकाराला आम्ही घाट म्हणतो, आणि प्रत्येक घाटाला नाव असतं. ही नावं कोण ठेवतं, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. जसं काही आम्ही बारसंच घालतो. अहो, करणारा कधीच नाव ठेवत नाही. करणारा चाकू करतो आणि गप्प बसतो. नावं ठेवायचं काम दुनियेचं, आणि त्यात दुनिया पटाईत आहे.

मिशनच्या शाळेतले एक मास्तर होते. त्यांनी आजोबांकडून पेन्सिली तासायला रुंद पात्याचा आखूड चाकू करून घेतला. तो घाट झाला मास्तरी. त्यांच्याच चर्चच्या पाद्र्यांनी तोच चाकू पलीकडच्या गावातल्या लोहाराकडून करवून घेतला, तर तिकडं त्याच घाटाला पाद्री म्हणतात. पात्याचं टोक खाली वाकलेलं, ती पोपटचोची. शेळ्यांमागं फिरणाऱ्याला डहाळ्या ओढून तोडायला बरी पडते. शेवगावच्या अंगाला तिलाच शेळकी म्हणतात आणि तिथला लोहार चोच इतकी वाकवतो, की पोपटाला स्वतःची लाज वाटावी. एका म्हाताऱ्याच्या पायाला कुरूप होतं, ते तासायला त्यानं वडिलांकडून बारीक पात्याचा चाकू करून घेतला. चाकू इतका सुंदर झाला, की वडील तो लोकांना काढून दाखवायचे, आणि लोकांनी नाव ठेवलं कुरुपी. वडील पार वैतागले. त्यांनी त्याला दुसरं चांगलं नाव द्यायचा फार प्रयत्न केला. गिऱ्हाईक यायचं आणि कुरुपी द्या म्हणायचं. संपलं.

वडील म्हणायचे, घाट डोळ्यानं जातो, नाव तोंडानं जातं. हे त्यांचं वाक्य मी नीट लक्षात ठेवलेलं आहे, आणि त्याचाच मला पुढं ताप झाला. अर्थ सोपा आहे. बाजारात आमचा चाकू ठेवला, की कोणताही कारागीर तो बघून तसाच करू शकतो. त्यात विचारायची गरज नाही. तो रिबीट तीनच्या जागी दोन मारील, शिंगाऐवजी प्लास्टिक लावील, नखाची खाच इकडची तिकडं करील, पण घाट कळतोच. नाव मात्र चाकूवर लिहिलेलं नसतं. ते कळायला कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून घाट तोच आणि नाव वेगळं, तर समजायचं की नुसता बघून केलाय. घाटही तोच आणि नावही तेच, तर समजायचं की मधी कुणीतरी माणूस आहे.

आता धाकट्याचं. माझा भाऊ. दोघांत अंतर बरंच, त्यामुळं तो मला अहोजाहो करीत नसला तरी दादा म्हणताना मान खाली घालायचा. दहावीला असताना त्याच्या डाव्या अंगठ्यावर ऐरणीवरून तापलेला पाटा निसटला. अंगठा वाचला, नख गेलं ते गेलं. परत आलंच नाही. आता खिशातला चाकू उघडायला पात्यावर नखाची खाच असते, आणि हा डावखुरा. ज्याचं नख चाकू करण्यात गेलं त्याला स्वतःचा चाकू उघडता येईना. दातानं उघडायचा गाढव. आई बोंबलायची.

मग एक दिवस त्यानं मुठीच्याच कडेला अर्धचंद्रासारखी खाच पाडली, दोन्ही बाजूंनी, म्हणजे मिटलेल्या पात्याची पाठ तेवढ्यात उघडी दिसते आणि ती चिमटीत धरून ओढता येते. नखाचं कामच नाही. वडील खवळले. मुठीला खाच म्हणजे भिंतीला भगदाड, असं म्हणाले. पण धाकट्यानं त्या खाचेच्या कडा कानशीनं घासून अशा गोल केल्या होत्या, की चिमूट आपोआप तिथं जावी. लिंबाच्या आणि मोसंबीच्या रोपांना डोळे भरणारी, म्हणजे कलमं करणारी माणसं आमच्याकडं चाकूला येतात. त्यांचे हात दिवसभर ओले, नखं मऊ पडलेली. त्यांनी हा चाकू उघडून बघितला आणि दुसऱ्याला हातच लावला नाही. म्हातारी माणसं घ्यायला लागली. वडील गप्प झाले, आणि वडील गप्प झाले म्हणजे त्यांनी मान्य केलं.

नाव पडलं बिननखी. ते चाकूवरून पडलंच नाही, त्याच्या अंगठ्यावरून पडलं. गावात त्याला बिननख्या म्हणून चिडवायचेच, मग बिननख्याचा चाकू, मग बिननखी. तो हसायचा. पुढं नगरच्या कारागिरांनी तो घाट उचलला, तिकडं त्याला चंद्रकोरी म्हणतात. शेवगावकडं खांडी म्हणतात. बरोबरच आहे. जो नुसता बघेल त्याला चंद्रकोर दिसेल नाहीतर खांड दिसेल. नख नसलेला अंगठा त्या चाकूत कुणाला दिसणार?

वडील गेल्यावर एका भट्टीवर दोघांचं भागेना. बाजारात डझनावारी चाकू आले, कारखान्यातले, चकचकीत, आठवड्यात बोथट होणारे, पण आले. धाकटा चाकणला कंपनीत लागला. भांडण नाही, तंटा नाही, एसटीत मी स्वतः बसवून दिला. रविवारी फोन करायचा. दसऱ्याला येतो, खंडेनवमीला हत्यारं मी पुजणार, दादा, तू हात लावू नको, असं म्हणाला होता. दसरा आला, तो आला नाही. फोन बंद. मी चाकणला गेलो, तर कंपनीनं ब्रेक देऊन कामावरून कमी केल्यावर तो खोली सोडून गेला होता. कुठं, कुणाला माहीत नाही. खोलीतले सोबती म्हणाले, घरी जातो म्हणून गेला. ठाण्यात तक्रार दिली, फोटो दिला, दवाखाने पालथे घातले. पुढं त्याचा नंबर परत सुरू झाला आणि आमच्या जिवात जीव आला. पलीकडून एक बाई हिंदीत बोलली. नंबर कंपनीनं तिला दिला होता. आईला हे काही केल्या पटेना. ती बाई आमच्या पोराला फोन का देत नाही, असं ती मला पुनःपुन्हा विचारायची. शेवटी त्या बाईनं आमचा नंबर ब्लॉक केला, आणि खरं सांगतो, मला तिचा राग आला नाही.

मग आईनं हे शनिवारचं काढलं. तिचा हिशेब असा, की वडील म्हणायचे ना नाव तोंडानं जातं, मग आपण ते पाठवायचं. शनिवारी सगळ्या महाराष्ट्राची माणसं आपल्या दारावरून जातात. चाकू घेऊ नका, पण नाव ऐका आणि घेऊन जा. कुठं ना कुठं, कुठल्या तरी गावात, कुणीतरी चाकूकडं बघून बिननखी म्हणेल आणि ते त्याच्या कानावर पडेल. मग त्याला कळंल आपन वाट बघतोय, असं म्हणायची.

मी म्हटलं, त्याला काय आपण वाट बघतोय हे माहीत नाही? यावर ती माझ्याकडं अशी बघायची, की मी उठून भट्टीकडं जायचो.

तर दर शनिवारी आई दुकानात. पुढं पोत्यावर चाकू मांडलेले, मधोमध बिननखी. कुणी हातात घेतला, की ही सुरू. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, पण हिला काही विकायचंच नव्हतं. ह्याला बिननखी म्हनत्यात बरं का, माझ्या धाकट्यानं काढला हा घाट, त्याच्या ह्या अंगठ्याला नख न्हाई. असं म्हणून समोरच्या माणसाचाच डावा अंगठा धरायची. लोक बिचारे ऐकून घ्यायचे. कुणी तिच्या हातावर प्रसाद ठेवायचं. कुणी घाईत असायचं, त्यांच्यामागं ती दोन पावलं जायची. मी आत कानस घासत बसायचो आणि माझं डोकं उठायचं. लाज वाटायची. राग यायचा. तिचा नाही, त्याचा यायचा. जिवंत असशील तर मरतोस का असा, आणि मेला असशील तर तसं सांग एकदाचं. हे असलं मनात यायचं आणि मग तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

अशी वर्षं गेली. खंडेनवमीला हत्यारं मीच पुजत राहिलो.

मागच्या उन्हाळ्यात एका शनिवारी एक जीप थांबली. त्यातून एक माणूस उतरला, त्याच्या बोटांवरच्या चिरा बघूनच मी ओळखलं की हा डोळे भरणारा आहे. आई पाणी प्यायला आत वळली होती. त्यानं पोत्यावरून बरोबर तोच चाकू उचलला, चिमटीत धरून उघडला आणि बायकोला म्हणाला, "ही बघ बिननखी. आपल्या जामखेडात मिळती तीच."

आम्ही कुणी तोंड उघडलं नव्हतं.

आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मी उठून बाहेर आलो आणि त्याला विचारलं, नाव काय म्हणालात? तो दचकलाच. म्हणाला, बिननखी. का, तुमच्यात दुसरं काय म्हनत्यात? आमच्या जामखेडला एक म्हातारा कारागीर हाय, त्यो करतो, आमी समदी त्याच्याकडचीच वापरतो. नाव कुणी सांगितलं, ते त्याला माहीत नव्हतं. तिकडं सगळे तेच म्हणतात, एवढंच. गाडीतल्या माणसांनी हॉर्न वाजवला आणि तो गेला.

त्या दिवशी आमच्या घरात काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. आई एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती. मी मनाला आवर घालत होतो, पण वडिलांचं वाक्य डोक्यात घणासारखं वाजत होतं. घाट बघून उचलला असता तर चंद्रकोरी म्हटलं असतं, खांडी म्हटलं असतं, काहीही म्हटलं असतं. बिननखी कुणी कसं म्हणेल? नाव तोंडानंच गेलेलं असणार. मधी माणूस असणार. आणि त्या भट्टीवर, त्या म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली नख नसलेला एक माणूस काम करतोय, हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसायला लागलं, की त्याच्या अंगावरचा शर्टसुद्धा दिसला.

सकाळी निघालो. आईनं बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, दोघांना पुरेल इतकी. आणि पिशवीत त्याची कानस घातली. तिची मूठ त्याच्या डाव्या हातानं झिजलेली आहे, दुसऱ्याच्या हातात ती बसत नाही. म्हणाली, येत न्हाई म्हनला तर ही दे, मग ईल. मी म्हटलं, मी त्याला मानगूट धरून आणतो.

सोनईहून नगर, नगरहून जामखेडची एसटी. मधे बीड जिल्हा लागतो आणि मग परत आपला. उन्हानं सगळं माळरान पांढरं पडलं होतं. मी खिडकीशी बसून त्याला काय बोलायचं त्याची तयारी करीत होतो. आधी शिव्या द्यायच्या असं ठरवलं. मग ठरवलं की नको, आधी जेवू घालू.

बाजारपेठेत विळे, खुरपी, कोयते विकणारं दुकान होतं. तिथं काचेखाली चाकू होते. मी मुद्दाम बोट दाखवून विचारलं, ह्याला काय म्हणता? दुकानदार मान वर न करता म्हणाला, बिननखी. मी चाकू हातात घेतला. खाच होती, जागच्या जागी होती. पण तिच्या कडा धारदार होत्या, ग्राइंडरनं एका दमात मारलेल्या. धाकट्यानं अशी कड जन्मात सोडली नसती. मी मनाला सांगितलं, इतकी वर्षं झाली, हात बदलतो, ग्राइंडर आला की कानस कोण धरतो. माणसाला आशा लागली, की तो स्वतःच्या हातातलं लोखंडसुद्धा नाकारतो.

कारागिराचं घर मागच्या बोळात होतं. भट्टी अंगणातच. म्हातारा एकटा बसून पात्याला धार लावत होता. दुसरं कुणी नव्हतं. मी दोनदा आत डोकावून बघितलं. दोरीवर एकच धोतर वाळत होतं.

मी म्हटलं, मी सोनईहून आलो, मीही हेच काम करतो. त्याला आनंद झाला. चहा सांगितला. मी बिननखी पुढं ठेवली आणि विचारलं, बाबा, हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?

त्यानं हातातलं पातं बाजूला ठेवलं. माझ्याकडं बघितलं, नीट, खालपासून वरपर्यंत, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. तो पुढं सरकला आणि त्यानं माझा डावा हात ओढून घेतला. मनगटाशी घट्ट धरला आणि अंगठा उलटा करून उन्हाकडं नेला.

नख होतं. काळं पडलेलं, चिरलेलं, पण होतं.

त्यानं हात सोडला. म्हणाला, "मला वाटलं, तुमीच त्यो."

मी विचारलं, कोण तो?

मग त्यानं सांगितलं. तो घाट तो आधीपासून करायचा, नगरच्या बाजारात बघून उचललेला, आणि चंद्रकोरीच म्हणायचा. एका शनिवारी दर्शनाला गेला असताना सोनईच्या रस्त्याला एका दुकानात त्याला तोच चाकू दिसला. तिथं एक म्हातारी बसली होती. तिनं त्याचा अंगठा धरला आणि सगळं सांगितलं. लेक हरवलाय, नख न्हाई, हा चाकू त्याचा. म्हाताऱ्याला घरी आल्यावर झोप लागली नाही. म्हणाला, आपन तिला दुसरं काय देनार वो, पन नाव तर देता येतं. तेव्हापासून त्यानं चंद्रकोरी म्हणणं सोडलं. दुकानदारांना बजावलं, डोळे भरणाऱ्यांना बजावलं, की ह्याला बिननखीच म्हणायचं, म्हातारीचा लेक कुठं असंल त्याच्या कानावर जाऊ दे. कुणी चुकून चंद्रकोरी म्हटलं तर तो चाकू देत नव्हता. आणि कुणी परका माणूस येऊन नावाची चौकशी करायला लागला, की त्याचा अंगठा बघायचा.

म्हणजे मधी माणूस होता. वडिलांचं वाक्य खोटं नव्हतं. नाव तोंडानंच गेलं होतं, फक्त ते आमच्याच घरातल्या तोंडानं गेलं होतं. शनिवारमागून शनिवार आईनं ते नाव रस्त्यावर सोडलं, आणि ते परत दारात आलं तेव्हा आम्हा मायलेकरांना वाटलं की त्यानंच पाठवलं. आपल्यालाही तोंड आहे, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तुमी कोन?"

मी म्हटलं, "थोरला."

चहा आला, तो निवला. मग त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, की आईला सांगा, काळजी करू नका, मी हाय तवर हे नाव बदलनार न्हाई. मला त्याला सांगावंसं वाटत होतं, की बदल बाबा, पाया पडतो तुझ्या, चंद्रकोरी म्हण, काहीही म्हण, आमच्यावर एवढी दया करू नको. पण इतक्या भल्या माणसाला असं कसं बोलायचं? मी दोघांसाठी बांधलेल्या भाकरी त्याच्याजवळ ठेवल्या आणि निघालो. कानस पिशवीतच होती.

परतीच्या एसटीत मला रडू आलं नाही. नुसता शीण आला होता. पहिल्यांदाच मला समजलं की तो मेलाय. पुरावा काही मिळाला नव्हता, तिकडं त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. पण इतकी वर्षं मी आईवर चिडत होतो, तिला वेडी म्हणत होतो, आणि आत कुठंतरी मीही त्या नावाच्या भरवशावर जगत होतो. ते नाव जिथवर जायचं तिथवर गेलं होतं. त्याला ऐकू जायचं असतं तर गेलं असतं.

मी पोचलो तेव्हा दिवस मावळायला थोडा वेळ होता. आई ओट्यावर बसली होती. तिनं माझ्यामागं बघितलं, रस्ता वळतो तिथवर. मग तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि बाहेरूनच चाचपली. कानस हाताला लागली.

"न्हाई?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"मग नाव कुनी सांगितलं?"

एसटीत मी ठरवलं होतं, की काहीतरी बनवून सांगायचं. कुणी गिऱ्हाईक, कुणी ड्रायव्हर, काहीही. पण मला बनवून बोलता येत नाही, आणि त्या दिवशी माझ्यात तेवढा जोरही नव्हता. मी म्हटलं, "तूच सांगितलं हुतंस, आई. तो म्हातारा शनिवारी आपल्याकडं येऊन गेल्ता."

तिला समजायला वेळ लागला. मी बघत होतो. तिचे ओठ हलत होते, जणू ती त्या सगळ्या शनिवारांतून तो एक माणूस शोधत होती. मग ते थांबले. भला मानूस हाय म्हनायचा, एवढंच ती म्हणाली आणि कानस घेऊन आत गेली. ती कुठं ठेवली, मला अजून माहीत नाही. मी विचारलेलंही नाही.

पुढच्या शनिवारी मला वाटलं, आता ती येणार नाही. मी दुकान उघडणारच नव्हतो. पण सकाळी ती आंघोळ करून, लुगडं नेसून दारात उभी. गेलो. मी पोतं अंथरलं, तिनं चाकू मांडले. बिननखी नेहमीसारखी मधोमध. मी आत बसलो आणि माझी कानस हातात घेतली, पण घासली नाही. मी वाट बघत होतो. इतकी वर्षं जे ऐकून माझं डोकं उठायचं, ते तिनं आज एकदा म्हणावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो.

दुपारी एक जोडपं थांबलं. नवीन लग्न झालेलं असावं, पोरीच्या हातात हिरवा चुडा होता. पोरानं बिननखी उचलली. चिमटीत धरून उघडली, मिटली, परत उघडली. त्याला ती खाच आवडली. त्यानं खाली वाकून विचारलं, आजी, ह्याला काय म्हणतात?

आईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या अंगठ्याकडं बघितलं नाही.

"चाकू हाय," ती म्हणाली. "चाकूच म्हनत्यात."

मी आत होतो. मला नाव ठाऊक होतं आणि मीही ते घेतलं नाही. पोरीनं त्याला आठवण करून दिली की आज शनिवार आहे, तसा त्यानं चाकू मिटून पोत्यावर ठेवला, आणि ती दोघं देवळाकडं गेली.